अपडेटनंतर सायरन मुका का होतो?

जुन्नर-आंबेगावच्या ऊसपट्ट्यात बिबट्या दिसताच सायरन वाजवणारे एआय कॅमेरे आले आहेत. अशा उपकरणांच्या पोटात बहुधा तळहाताएवढा संगणक-बोर्ड आणि त्यावर लिनक्स असते. बोर्ड सुरूच झाला नाही, तर रात्रीच्या विजेवर पाणी धरायला गेलेल्या शेतकऱ्याला इशारा मिळणार नाही.

दोष दरवेळी धूळ-पावसाचा नसतो. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, मेमरीवर पहारा असतो: जिथे लिहिता येते तिथला कोड चालवायचा नाही आणि चालणाऱ्या कोडवर लिहायचे नाही. घुसखोराने कोड आत सरकवला, तरी तो चालू नये यासाठी ही तजवीज. मात्र ३२ बिटच्या आर्म चिपवर त्यासाठी कर्नलचे भाग १ मेगाबाइटच्या सीमांवर बसवावे लागतात आणि कर्नल फुगतो. बूटलोडरने शेजारीच ठेवलेली हार्डवेअरची यादी त्याखाली पुसली गेली, की बोर्ड एक अक्षरही न दाखवता थांबतो. चालत्या कोडमध्ये बदल करणारे जुने ड्रायव्हरही इथेच अडतात.

पहारा बंद करणे सोपे. पण इंटरनेटला जोडलेल्या यंत्रात ते धोक्याचे. त्यापेक्षा यादीचा पत्ता दूर सरकवावा. यू-बूट या बूटलोडरमध्ये अडलेल्या प्रयत्नांची मोजणी करून जुन्या कर्नलकडे वळण्याची सोय आहे. शेतात बोर्ड बसवण्याआधी ती चालू करावी.