कॅमेरा संगणकाला जोडण्यासाठी ‘ड्रायव्हर’ विकत घेऊ नका

नागपूरहून वर्धा मार्गाने तीसएक किलोमीटर गेले की बुटीबोरीची औद्योगिक वसाहत लागते. कारखाने आले की माणसे येतात आणि माणसे आली की फोटो लागतात. गेट पाससाठी फोटो, बँकेच्या खात्यासाठी फोटो, भाड्याच्या खोलीच्या करारासाठी फोटो. त्यात लग्नसराईत निकाह आणि वलीम्याचे काम. अशा ठिकाणी एक डिजिटल कॅमेरा, एक संगणक आणि एक प्रिंटर एवढ्या भांडवलावर लहानसे दुकान उभे राहू शकते. आमचे काही वाचक बंधू हा धंदा करत असतील, काही जण मुलाला काढून देण्याच्या विचारात असतील. त्यांच्यासाठी आज आम्ही एका अशा गोष्टीविषयी लिहीत आहोत, जिच्यापायी पैसा नाहक जातो.

कॅमेरा सेकंडहँड घेतला, पण त्याची सीडी मिळाली नाही. किंवा संगणक बदलला आणि नव्या संगणकाला सीडी घालायची जागाच नाही. मग एक जण सांगतो, ‘याचा ड्रायव्हर आता मिळत नाही, कॅमेरा भंगारात काढा.’ दुसरा म्हणतो, ‘ड्रायव्हर टाकून देतो, इतके पैसे होतील.’ तिसरा इंटरनेटवरून कुठला तरी ड्रायव्हर उतरवतो आणि त्याच्यासोबत व्हायरसही दुकानात आणतो. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कॅमेऱ्यातले फोटो संगणकावर घेण्यापुरते पाहिले, तर गेल्या वीस वर्षांतल्या बहुतेक कॅमेऱ्यांना वेगळा ड्रायव्हर लागतच नाही.

ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि यंत्र यांच्यामधला दुभाषा. एकेकाळी त्याची खरोखर गरज होती. १९९४ मध्ये ॲपलचा क्विकटेक आला, १९९५ मध्ये कॅसिओचा क्यूव्ही-१० आला. हे कॅमेरे सीरियल केबलने जोडले जात आणि प्रत्येक कंपनीची भाषा निराळी असे. सोनीने १९९७ मध्ये यावर साधा तोडगा काढला. त्यांचा माविका कॅमेरा फोटो थेट साडेतीन इंची फ्लॉपीवर ठेवत असे. फ्लॉपी काढा, संगणकात घाला, काम झाले. केबल नाही, दुभाषाही नाही. आज कार्ड रीडरने आपण नेमके हेच करतो.

पुढे १९९८ मध्ये जपानी उद्योगाने कार्डावर फोटो कसे ठेवायचे याचा एक नियम ठरवला. म्हणून आज कार्ड कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्यातले असो, त्यात ‘डीसीआयएम’ नावाचे फोल्डर सापडते आणि फोटो त्याच्या आत असतात. संगणकाच्या बाजूनेही सुधारणा झाली. विंडोज ९८ ला सीडी लागत असे. २००० साली आलेल्या विंडोज २००० आणि एमईमध्ये यूएसबीवरची डिस्क ओळखण्याची सोय आतच होती. २००१ च्या एक्सपीपासून तर कॅमेऱ्याच्या दोन्ही रीती विंडोजला आपसूक कळू लागल्या.

या दोन रीती समजून घेणे आवश्यक आहे, कारण निम्मा घोटाळा इथेच होतो. पहिल्या रीतीत कॅमेरा स्वतःला डिस्क म्हणून ओळख करून देतो. पेन ड्राइव्ह लावल्यावर जसे ड्राइव्हचे अक्षर दिसते, तसे दिसते. दुसऱ्या रीतीला पीटीपी म्हणतात. तिच्यात कार्डाचा ताबा कॅमेऱ्याकडेच राहतो आणि संगणक त्याच्याकडे एकेक फोटो मागतो. त्यामुळे ड्राइव्हचे अक्षर उमटत नाही, कॅमेऱ्याच्या नावाचे वेगळे चिन्ह दिसते. कॅननचे बहुतेक कॅमेरे असे चालतात. अक्षर दिसले नाही म्हणून लोक घाबरतात आणि ड्रायव्हर शोधत फिरतात, पण फोटो त्या चिन्हाच्या आत असतात. सोनीच्या अनेक आणि निकॉनच्या काही जुन्या कॅमेऱ्यांत यूएसबीची रीत मेनूतून बदलता येते. एक चालली नाही तर दुसरी लावून पाहावी. मॅक संगणकात ‘इमेज कॅप्चर’ आणि लिनक्समध्ये ‘जीफोटो’ हेच काम फुकट करतात.

तरीही कॅमेरा दिसत नसेल, तर आधी केबलवर संशय घ्यावा. मोबाइल चार्जरसोबत येणाऱ्या काही स्वस्त केबलींत फक्त विजेच्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या तारा नसतातच. कॅमेरा चार्ज होताना दिसतो, पण संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही. दुसरी केबल लावून पाहणे हा सर्वांत स्वस्त इलाज आहे. कॅमेरा चालू असावा, बॅटरी भरलेली असावी. काही कॅमेऱ्यांत वाय-फाय चालू असले की यूएसबी बंद राहते, तेही तपासावे.

एवढी खटपट नको असेल तर काही शे रुपयांचा कार्ड रीडर घ्यावा. दुकानाच्या कामाला आम्ही तोच सुचवू. कॅमेऱ्याची बॅटरी खर्च होत नाही, त्याचे सॉकेट सैल होत नाही आणि कॅमेरा कोणत्या कंपनीचा हा प्रश्नच उरत नाही. फक्त फार जुन्या, एक्सडी जातीच्या कार्डाचा रीडर सहज मिळत नाही. तिथे कॅमेऱ्याची मूळ केबल जपून ठेवणे भाग आहे.

‘फॉरमॅट करू का?’

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ३२ जीबीपेक्षा मोठी एसडी कार्डे एक्सफॅट नावाच्या पद्धतीने आखलेली असतात. दुकानातला संगणक एक्सपीच्या काळातला असेल, तर त्याला ही आखणी कळत नाही. रीडर फार जुना असेल तर त्याला २ जीबीपेक्षा मोठे कार्डही नीट वाचता येत नाही. मग पडद्यावर प्रश्न येतो की डिस्क फॉरमॅट करायची आहे का. इथे ‘होय’ दाबू नये. कार्डात कोणाच्या तरी मुलीच्या निकाहचे फोटो असतात आणि तो दिवस पुन्हा उभा करता येत नाही. कार्ड चांगलेच असते, संगणक किंवा रीडर जुना असतो. कार्ड काढून नव्या संगणकावर पाहावे.

चुकून फॉरमॅट झालेच, तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नये. ‘फोटोरेक’ नावाचा फुकट प्रोग्राम अशा कार्डातून बरेच फोटो परत काढू शकतो, पण वर नवे फोटो पडले की जुने गेले. फोटो घेताना ‘कट’ न करता ‘कॉपी’ करावे आणि दोन ठिकाणी ठेवावे. ते उघडून पाहावे, मगच कार्ड रिकामे करावे, तेही कॅमेऱ्यातूनच.

एसडी कार्डाच्या कडेला एक बारीक कळ असते. कार्ड दुसऱ्याच्या संगणकात घालण्यापूर्वी ती ‘लॉक’कडे सरकवावी. मग बहुतेक रीडर कार्डावर काही लिहू देत नाहीत आणि तिथला व्हायरस आपल्या कार्डावर येत नाही. गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह दिवसभर लागत असतात अशा दुकानांत ही सवय फार उपयोगी पडते.

हे सारे फक्त फोटोवाल्यांसाठी नाही. मोमिनपुऱ्यातला किंवा कामठीतला विणकर असो, जरीकाम करणारा कारागीर असो की फर्निचरवाला, आज परगावचा गिऱ्हाईक आधी मालाचा फोटो मागतो. घरात पडून असलेला जुना कॅमेराही उजेडात कापडाचा पोत चांगला टिपतो. असा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. साध्या रीतीने पाठवला तर तो दाबून लहान केला जातो आणि विणीतली बारीक नक्षी पुसट होते.

ड्रायव्हर किंवा खास प्रोग्राम कुठे लागतो, हेही सांगितले पाहिजे. गेट पासचा फोटो संगणकाच्या पडद्यावर पाहत थेट टिपायचा असेल, म्हणजे कॅमेरा वेबकॅमसारखा वापरायचा असेल, तर बऱ्याच कॅमेऱ्यांना कंपनीचा प्रोग्राम लागतो. कॅनन, निकॉन, सोनी आणि फुजीफिल्म यांनी २०२० मध्ये असे प्रोग्राम काढले. ते कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावेत. काही नवे कॅमेरे मात्र यूएसबीने जोडताच वेबकॅम बनतात. त्यामुळे या कामासाठी कॅमेरा घेत असाल, तर दुकानदाराला तो त्याच्याच संगणकावर जोडून दाखवायला सांगावे आणि मगच पैसे मोजावेत.