बंद कारखान्याची अमानत

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या कशा बंद पडल्या, ते आम्ही कापडवाल्यांनी डोळ्यांनी पाहिले. यंत्रे भंगारात गेली, कामगार गावी परतले. म्हणूनच मेजर आयव्हन हर्स्ट या ब्रिटिश फौजी इंजिनिअरची हकीकत व्यापारी बांधवांसमोर ठेवावीशी वाटते.

हर्स्ट यांचा जन्म १९१६ चा, इंग्लंडातील यॉर्कशायरचा. घराण्याचा धंदा घड्याळांचा. महायुद्धात ते फौजेच्या रणगाडे-दुरुस्तीच्या वर्कशॉपात होते. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांना जर्मनीत वोल्फ्सबर्ग येथील फोक्सवॅगन कारखान्यावर पाठवले गेले.

कारखाना हिटलरच्या राजवटीने उभारलेला. स्वस्त मोटार देऊ म्हणून सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांकडून दर आठवड्याला पाच मार्कांची बचत करून घेतली. त्या राजवटीत एकालाही गाडी मिळाली नाही! युद्धात तिथे वेठबिगारांकडून काम करून घेतले. हर्स्ट पोहोचले तेव्हा छपरे बॉम्बने उडालेली. न फुटलेला एक बॉम्ब वीजघरात टर्बाइनच्या मधोमध अडकलेला. तो फुटला असता तर वीज गेली असती, आणि विजेबरोबर कारखानाही. यंत्रे उचलून नुकसानभरपाईत नेण्याचीही चर्चा होती.

हर्स्ट यांना यंत्राची पारख होती. तिथे सापडलेली एक जुनी गाडी त्यांनी फौजी हिरव्या रंगात रंगवली आणि मुख्यालयात दाखवायला पाठवली. फौजेला वाहनांची टंचाई होतीच. २० हजार गाड्यांची ऑर्डर आली. ऑर्डर हातात असलेला कारखाना कोण मोडणार? मार्च १९४६ मध्ये महिन्याला हजार गाड्या निघू लागल्या. पोलाद आणि कोळसा मिळवताना मात्र नाकी नऊ येत.

मोटारींचा शौकही होता. कारखान्यातच दोन सीटांची एक उघडी गाडी बनवून घेतली. ती त्यांचे वरिष्ठ कर्नल रॅडक्लिफ वापरत.

पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त भावते. माल तपासणारा विभाग आणि विक्रीनंतर दुरुस्ती, सुटे भाग देणारा विभाग, हे दोन्ही त्यांनी सुरुवातीलाच उभे केले. आपल्याकडे माग विकणारा पैसे मोजून घेतो आणि नंतर एका पार्टसाठी कारागिराचा माग पंधरा पंधरा दिवस उभा राहतो. रोजी कोणाची बुडते?

इंग्लंडच्या मोटार कारखानदारांना ही गाडी काही पसंत पडली नव्हती. तरी १९४७ मध्ये ती हॉलंडला निर्यात झाली.

मग जर्मन मॅनेजर हवा होता. हाइन्रिख नॉर्डहॉफ यांना हर्स्ट यांनी दुय्यम जागेसाठी बोलावले. बोलणे झाल्यावर त्यांना वाटले, हा माणूस दुय्यम जागेचा नव्हे. त्यांनी त्यांचीच शिफारस सर्वोच्च जागेसाठी केली. जानेवारी १९४८ पासून नॉर्डहॉफ यांनी सूत्रे घेतली. आपल्याहून सरस माणसाला गादीवर बसवायला काळीज लागते. आपल्या पेढ्यांत तर सख्ख्या भावालाही चावी देत नाहीत.

१९४९ मध्ये कारखाना जर्मनांच्या हवाली झाला. हर्स्टही त्याच वर्षी निघाले. त्यात त्यांचा हिस्सा नव्हता, अमानत होती. पुढे पॅरिसला एका आंतरराष्ट्रीय आर्थिक संस्थेत नोकरी केली, १९७५ मध्ये निवृत्त झाले आणि मार्च २००० मध्ये यॉर्कशायरमध्येच वारले. ती गोल पाठीची गाडी २००३ पर्यंत बनत राहिली, एकूण २ कोटी १५ लाखांहून अधिक. वोल्फ्सबर्गमध्ये मेजर हर्स्ट यांच्या नावाचा रस्ता आहे.