मोदक एकटा दोषी नाही

सणाच्या पंगतीत मधुमेह असलेल्या माणसाच्या पानावर सगळ्या घराचं लक्ष असतं, पण फक्त त्यातल्या गोडावर. मोदक वाढला की लगेच ‘तुम्हाला चालतो का?’ अशी विचारणा होते. त्याच पानात भाताची मूद, चार पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि कुरडई आली तर कुणाला काही वाटत नाही. खरं तर भात, पुरी, बटाटा यांतला स्टार्च पचून त्याचंही ग्लुकोजच होतं. साखरेत निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज असतं. त्यामुळे तिचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे रक्तातली साखर किती झपाट्याने चढते याचं माप, ६५च्या आसपास आहे, तर पांढऱ्या पावाचा साधारण ७५. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने १९९४मध्येच आपल्या आहारविषयक शिफारशींतून साखरेवरची सरसकट बंदी काढून टाकली आणि दिवसभरात एकूण कर्बोदकं किती गेली, याला अधिक महत्त्व दिलं. मधुमेह असला तरी सणाचं गोड खाता येतं, असं मी म्हणते ते याच आधारावर. मात्र ते नेहमीच्या जेवणावर चढवायचं नाही, त्यातलं काहीतरी कमी करून त्याच्या जागी घ्यायचं.

काय कमी करायचं, हे हिशेब मांडला की कळतं. मध्यम आकाराच्या पुरणपोळीत ३० ग्रॅम हरभऱ्याची डाळ, तेवढाच गूळ आणि २५ ग्रॅम कणीक धरली, तर कर्बोदकं ६० ग्रॅमच्या घरात जातात. तेवढ्याच कणकेच्या फुलक्यात ती १७-१८ ग्रॅम असतात. एक पुरणपोळी म्हणजे तीनाहून जास्त फुलके झाले! तेव्हा अर्धी पोळी, सोबत कटाची आमटी आणि भरपूर कोशिंबीर घ्यावी, भाताला त्या दिवशी सुट्टी द्यावी. उकडीच्या मोदकाच्या पारीला १५ ग्रॅम तांदळाची पिठी आणि सारणात तेवढाच गूळ असेल, तर एका मोदकात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं होतात, म्हणजे जवळपास लहान वाटीभर भाताइतकी. दोन मोदक हवे असतील तर भात आणि पुरी दोन्ही सोडावं लागेल. खाण्याच्या क्रमानेही फरक पडतो. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. टाइप २ मधुमेहाच्या अकराच जणांवर तो केला होता. आधी भाज्या आणि चिकन, मग पाव आणि संत्र्याचा रस असा क्रम ठेवल्यावर, उलट क्रमाच्या तुलनेत तासाभराने त्यांच्या रक्तातली साखर सरासरी ३७ टक्के कमी भरली. अकरा जणांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, पण पोटात आधी उसळ-कोशिंबीर जाऊ द्यायला काही खर्चही येत नाही. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालण्याचा उपयोग तर नक्कीच होतो.

दिवाळीच्या फराळाचं गणित जरा अवघड आहे. सकाळी रिकाम्या पोटी चहाबरोबर चिवडा, चकली, शंकरपाळी अशी बशी समोर येते, आणि तिखट म्हणून चिवडा-चकली हिशेबातून सुटतात. वास्तविक पोहे आणि भाजणी म्हणजे कर्बोदकंच. करंजी आणि बेसनाच्या लाडवातलं तूप पोटातून अन्न पुढे जाण्याचा वेग कमी करतं, त्यामुळे साखर उशिरा चढू शकते. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर आकडा बरा दिसला म्हणून आणखी एक लाडू उचलणं म्हणूनच फसवं ठरतं. गूळ चालतो, ही समजूतही सोडायला हवी. गूळ बहुतांशी साखरच आहे. साखर न घालता केलेल्या खजुराच्या लाडवातही खजुराची स्वतःची साखर भरपूर असते. ‘शुगर-फ्री’ मिठाईत खवा, बेसन, तूप नेहमीसारखंच असतं.

यावर घरोघरी एक आक्षेप येतो: एकदा मुभा दिली की एकाचे चार होतात, त्यापेक्षा बंदीच बरी. ही भीती खोटी नाही. काहींना खरोखरच एकावर थांबता येत नाही; त्यांच्यासाठी घरात डबा भरून न ठेवणं हेच शहाणपण. ज्यांचं एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा आकडा, फार वाढलेलं आहे किंवा पायाची जखम भरत नाही, त्यांनी यंदाचं गोड डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. पण आयसीएमआरच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि एवढ्या माणसांना आयुष्यभर प्रत्येक सणाला हात आखडता घ्यायला लावणारं पथ्य टिकत नाही. मग गोड चोरून खाल्लं जातं. ते ना जेवणाच्या हिशेबात येतं, ना डॉक्टरांच्या कानावर जातं. आग्रह करणाऱ्यांनी ‘एकाने काय होतंय’ म्हणणं आणि रागावणाऱ्यांनी ताटातून लाडू उचलून घेणं, दोन्हींमुळे त्या माणसाचा स्वतःचा अंदाज बांधण्याचा हक्कच जातो.

एक चूक मात्र जिवावर बेतू शकते. रात्री गोड खायचं म्हणून दुपारचं जेवण टाळायचं आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी मात्र नेहमीप्रमाणे घ्यायची, असं केलं तर साखर ७०च्या खाली घसरू शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणं अडखळतं. अशा वेळी लाडू देऊन भागत नाही, तुपामुळे त्यातली साखर उशिरा पोहोचते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर साधी साखरही लवकर लागू पडत नाही. त्या घरात सणाच्या सामानाबरोबर ग्लुकोजच्या पावडरीचा डबाही आणून ठेवावा आणि तो कुठे आहे हे सगळ्यांना सांगून ठेवावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना गाठावा.