दिवसाही लागणारा दिवा

नवी मुंबईतल्या शिरवणे गावठाणात भर दुपारीही तळमजल्यावरच्या घरांत दिवे लागलेले असतात. एका बाजूला एमआयडीसीचे कारखाने, दुसऱ्या बाजूला सिडकोच्या आखीव वसाहती आणि मधे हे गाव. कुटुंबं वाढली, जागा तेवढीच राहिली, मग मजल्यांवर मजले चढले. खिडकी उघडली की समोर शेजाऱ्याची भिंत. अशा घरात दिवा सकाळपासून रात्रीपर्यंत बारा-बारा तास चालतो. त्याच उजेडात मुलं अभ्यास करतात, आजी तांदूळ निवडते. तरीही दुकानात आपण "नऊ वॉटचा द्या" एवढंच सांगून मोकळे होतो.

वॉट म्हणजे दिवा किती वीज घेतो ते. उजेड मोजतात लुमेनमध्ये, आणि तो आकडा खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेला असतो. जुना ६० वॉटचा बल्ब साधारण ७०० लुमेन द्यायचा. आज ९ वॉटचा चांगला एलईडी ९०० देतो, पण त्याच फळीवर ७०० लुमेनचाही ९ वॉटचा बल्ब असतो. बिल सारखंच येणार, उजेड कमी मिळणार. दहा बाय बाराची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. बसण्याउठण्यासाठी चौरस मीटरला दीडशे लुमेन धरले तर साडेसोळाशे होतात. थोडा उजेड भिंतींत आणि धुळीत जातो, म्हणून दोन हजार लुमेनची, २० वॉटची पट्टी घ्यावी. वहीवर आणि ओट्यावर याच्या दुप्पट उजेड हवा, पण त्यासाठी छताचा दिवा मोठा करून उपयोग नाही. ओट्याशी उभं राहिलं की तो पाठीमागे येतो आणि भाजीवर आपलीच सावली पडते. ओट्यावरच्या कपाटाखाली छोटी पट्टी लावली की भागतं.

चोकवाली ४० वॉटची ट्यूब चोकसकट पन्नास वॉटच्या आसपास घ्यायची. तिच्या जागी २० वॉटची पट्टी रोज बारा तास चालली, तर वर्षाला सव्वाशेहून जास्त युनिट वाचतात. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांपुढचा दर चढा असतो, त्यामुळे ही बचत महागड्या युनिटांतली असते. जुना झिरोचा बल्बही शून्य वॉटचा कधीच नव्हता, तो पंधरा वॉटपर्यंत घ्यायचा. अजून कुणाच्या देवघरात तो रात्रभर जळत असेल, तर आधी तो बदला. अर्ध्या वॉटचा एलईडी तिथं पुरतो.

एलईडी दिवा स्वस्त झाला तो गेल्या दहा-बारा वर्षांत. लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्येच केला होता, पण पांढऱ्या उजेडासाठी निळा लागत होता आणि त्यानं जवळपास तीन दशकं घेतली. त्या निळ्यासाठी इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शूजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पाठोपाठ ५ जानेवारी २०१५ ला केंद्राची 'उजाला' योजना आली. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला.

निळ्याचा पांढरा कसा होतो, ते जळालेल्या बल्बची टोपी काढली की दिसतं. आत पिवळे चौकोनी ठिपके असतात. निळी चिप आणि वर पिवळा लेप. दोघांचा मिळून पांढरा. लेप जसा बदलतो, तशी छटा बदलते. २७०० ते ३००० केल्विन म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. आपल्याकडे सरसकट ६५०० घेतात. झोपायच्या खोलीत तो मला पटत नाही, कारण रात्री निळसर उजेड झोप लांबवतो. दिवसा काम होणाऱ्या खोलीत ४००० चा घ्यावा आणि रात्रीसाठी एक पिवळसर वेगळा ठेवावा.

रंग किती खरे दिसतात, हा आणखी वेगळा गुण. त्यासाठी शंभरपैकी आकडा असतो, त्याला सीआरआय म्हणतात. साधे एलईडी ८० च्या आसपास असतात आणि नेमके लाल रंगात कमी पडतात. आगरी-कोळ्यांच्या गावात हे कुणाला वेगळं सांगायला नको: मासळी ताजी की शिळी, हे कल्ल्याच्या लालीवरून कळतं, आणि फिकट उजेडात ताजा पापलेटही मरगळलेला दिसतो. स्वयंपाकघरातल्या एका तरी दिव्यावर नव्वदचा आकडा पाहून घ्यावा. चार पैसे जास्त पडले तरी चालतील.

आता सगळ्यांची तक्रार: खोक्यावर २५,००० तास लिहिलंय आणि बल्ब वर्षात गेला. बहुतेक वेळा चिप आधी जात नाही, जातो ड्रायव्हर, म्हणजे बल्बच्या मानेतलं विजेचं सर्किट. त्यातल्या कपॅसिटरचा वैरी उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. म्हणून काचेच्या बंद गोळ्यात किंवा हवा न खेळणाऱ्या फॉल्स सीलिंगमध्ये बल्ब लवकर मरतो. चिपा एकामागे एक जोडलेल्या असल्या तर एक जळली तरी सगळा बल्ब बंद पडतो. काळा पडलेला ठिपका डोळ्यांनी दिसतो. फार स्वस्त बल्बांत बऱ्याचदा वेगळा ड्रायव्हरच नसतो, सगळं एकाच पत्र्यावर असतं. वायरमन त्यांना डीओबी म्हणतात. दाब वरखाली झाला की ते आधी जातात, आणि पुष्कळदा त्यांचा उजेड थरथरतो. मोबाइलचा कॅमेरा समोर धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो बल्ब अभ्यासाच्या टेबलावर नको. घेताना बीआयएसची नोंदणीखूण बघावी, दुकानदाराकडून बिलावर तारीख घालून घ्यावी आणि बिल खोक्यासकट जपावं. त्याशिवाय बदलून मिळत नाही.

बटण बंद करूनही बल्ब रात्री मिणमिणत राहिला, तर बल्बाला दोष देऊ नका. कधी बटणातल्या छोट्या लाल दिव्यामुळे तसं होतं, आणि ते निरुपद्रवी असतं. पण कधी वायरमननं बटण फेजऐवजी न्यूट्रलवर टाकलेलं असतं. मग बटण बंद असतानाही होल्डरात वीज असते आणि बल्ब बदलताना झटका बसतो. जुन्या वायरिंगच्या घरात हे एकदा टेस्टर लावून तपासून घ्यायलाच हवं.

दिवाळीच्या माळांचंही असंच आहे. एलईडी तापत नाही या भरवशावर आपण जोड उघडे ठेवतो, पण माळेच्या वायरमध्ये बहुधा २३० व्होल्टच असतात. लोखंडी ग्रिलला ती वायर गुंडाळू नये, तार पातळ असेल तर घेऊच नये. बाहेरच्या माळेवर आयपी ६५ लिहिलेलं असावं, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत जात नाहीत. तिची पिन मात्र पाणी सहन करत नाही, ती घरातल्याच सॉकेटात लावायची. आणि कागदी कंदिलात पाच वॉटच्या वरचा बल्ब घालायचं कारण नाही.