ऑपरेशननंतर कचऱ्याचे काय होते?

ऑपरेशन पार पडले, टाके निघाले, रुग्ण घरी आला, की नातेवाईक निश्चिंत होतात. पण त्या दिवशी थिएटरमधून निघालेले रक्ताळलेले बोळे, सुया आणि सलाईनच्या नळ्या कोठे गेल्या, हा विचार सहसा कोणी करीत नाही. परभणी असो की जिंतूर, सेलू, गंगाखेड, हा कचरा रस्त्यावरच्या कुंडीत पडला तर सुई टोचते ती कचरा वेचणाऱ्या बाईला. त्यातून हिपॅटायटिस बी म्हणजे एक प्रकारची कावीळ किंवा एड्सचे विषाणू शरीरात जाऊ शकतात. पीव्हीसी प्लॅस्टिकच्या नळ्या उघड्यावर जाळल्या तर डायॉक्सिन हे कर्करोगकारक विष हवेत मिसळते.

यासाठी केंद्र सरकारने १९९८ साली नियम केले आणि २०१६ साली त्यांच्या जागी नवे, अधिक कडक नियम आणले. रक्ताचा कापूस, बँडेज व शरीराचे काढलेले भाग पिवळ्या पिशवीत. नळ्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत. सुया व ब्लेड न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात. पिवळ्यातला कचरा बहुतांशी भट्टीत जाळला जातो, तर लाल पिशवीतले प्लॅस्टिक निर्जंतुक करून पुन्हा उपयोगात आणता येते. दवाखान्यातील सुमारे ८५ टक्के कचरा घरच्या कचऱ्यासारखा साधाच असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मात्र त्यात रक्ताचा एक बोळा पडला, की सगळाच घातक होतो.

मुळात कचरा कमी करता येईल का? तमिळनाडूतील अरविंद नेत्र रुग्णालयांनी ते करून दाखविले आहे. तेथे कपडे व उपकरणे निर्जंतुक करून पुन्हा वापरतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील मोतीबिंदूच्या एका ऑपरेशनमागे सुमारे ६ किलो कार्बन वायू हवेत जातो. ब्रिटनमध्ये तो १३० किलोच्या आसपास असतो. तरीही तेथे जंतुसंसर्गाचे प्रमाण अत्यल्प आहे.

भुलीच्या वायूंचाही विचार हवा. नायट्रस ऑक्साइड हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिल्यास तो सहसा लागत नाही. अर्थात कोणती भूल द्यायची, हे भूलतज्ज्ञच ठरवतील.

काटकसर म्हणजे जुनी सुई पुन्हा वापरणे नव्हे. इंजेक्शनची सुई व सिरिंज दर वेळी नवीच हवी.

आपण काय करावे? वॉर्डात डबा खाल्ल्यावर उष्टे-खरकटे रंगीत पिशव्यांत टाकू नये. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड डब्यात साठवाव्यात आणि दवाखान्यात विचारून तेथे द्याव्यात. आपला माणूस बरा होताना दुसऱ्याच्या घरी आजार जाऊ नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.