गोराई (गाव)

गोराई हे मुंबई उपनगर जिल्ह्याच्या बोरिवली तालुक्यातील समुद्रकाठचे गाव आहे. ते बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत असले तरी खाडीमुळे उर्वरित शहरापासून तुटलेले आहे. खाडीपलीकडे बोरिवलीच्या बाजूस म्हाडाने जागतिक बँकेच्या साहाय्याने विकसित केलेली वसाहतही गोराई याच नावाने ओळखली जाते, त्यामुळे दोहोंची नेहमी गल्लत होते.

भूगोल

हे गाव धारावी बेटावर वसले आहे. माहीमजवळच्या धारावीशी या बेटाचा संबंध नाही. गावाच्या पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस तिवरांनी वेढलेली खाडी, दक्षिणेस मनोरी आणि उत्तरेस उत्तन आहे. उत्तन ठाणे जिल्ह्यात, मिरा-भाईंदर महानगरपालिकेत मोडते. बोरिवलीहून गावात येण्याचा जवळचा मार्ग होडीचा. मोटारीने यायचे तर दहिसर, भाईंदर आणि उत्तन असा मोठा वळसा पडतो. मुंबईतून मुंबईतच येण्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यातून जावे लागते आणि आजारी माणसाला शहरातील रुग्णालयात नेताना या अंतराची झळ विशेष जाणवते.

इतिहास

साष्टीसह हा प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी तो जिंकला (१७३९) आणि १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला.

लोकजीवन

गावात कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती यांची जुनी वस्ती आहे. पोर्तुगीज काळात धर्मांतर झालेल्या येथील मराठीभाषक समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नाव इंग्रजी असले तरी घरची बोली मराठीच राहिली. लग्नातील ‘उंबराचं पाणी’ हा विधी आणि बाटली मसाल्याचे कालवण हीदेखील त्याच स्थानिक परंपरेतली. गावातील चर्च ‘होली मॅगाय’ म्हणजे बाळ येशूच्या दर्शनास आलेल्या तीन राजांच्या नावाचे आहे.

मासेमारी आणि शेती हे पूर्वापार व्यवसाय. पावसाळ्यात भात व नंतर भाजीपाला पिकतो. उघडिपीच्या दिवसांत बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते.

पर्यटन

एस्सेलवर्ल्ड (१९८९) आणि ग्लोबल विपश्यना पॅगोडा (२००९) यांमुळे गोराईचे नाव सर्वदूर पोहोचले. पॅगोड्याच्या खांबविरहित घुमटाखाली सुमारे ८,००० साधक बसू शकतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात येथे पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रस्ताव आला, तेव्हा जमिनी आणि किनारा हातचा जाईल या भीतीने गोराई, मनोरी व उत्तनच्या ग्रामस्थांनी त्यास एकत्रितपणे विरोध केला.