विस्कटलेल्या दीर्घिका, शिस्तीतला वायू

बटू अनियमित दीर्घिकांना ना सर्पिल भुजा असतात, ना ठळक केंद्र. छायाचित्रात दिसतो तो ताऱ्यांचा विस्कटलेला पुंजका. त्यामुळे त्यांतला वायूही वाट फुटेल तिकडे धावत असणार, असं सहज गृहीत धरलं जातं. एकेकाळी निरीक्षणांनीही याला दुजोरा दिला होता. 1990च्या दशकात अशा अतिमंद दीर्घिकांमधल्या वायूच्या वेगाचे जे नकाशे निघाले, ते गोंधळाचेच होते. मात्र तेव्हाच्या मोजमापांत पुरेशी बारकाई नव्हती.

ती बारकाई आली जुन्नर तालुक्यातल्या खोडदहून. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. हायड्रोजनचे अणू 1420.4 मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या रेडिओ लहरी सोडतात. वायू आपल्याकडे येत असेल तर वारंवारता किंचित वाढते, दूर जात असेल तर घटते. सेकंदाला 7 किलोमीटर वेगामुळे पडणारा फरक जेमतेम 33 किलोहर्ट्झचा. तोही अत्यंत क्षीण संदेशातून वेचून काढायचा!

आयेषा बेगम, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये कॅमेलोपार्डालिस बी या दीर्घिकेत नेमका तो वेचला. तिथला वायू चक्क शिस्तीत फिरत होता आणि फिरण्याचा कमाल वेग होता सेकंदाला 7 किलोमीटर. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे 220 किलोमीटर वेगाने फिरतो, हे लक्षात घेतलं की ही गती किती संथ आहे ते कळतं.

पण एवढ्यावरून या दीर्घिकेचं गुरुत्वाकर्षण मोजलं तर फसगत होते. वायूची इतस्ततः होणारी हालचालही तितक्याच वेगाची, सेकंदाला सुमारे 7 किलोमीटर, आहे. तिच्यामुळे निर्माण होणारा दाब वायूला सावरून धरतो, म्हणून तो हळू फिरूनही केंद्राकडे कोसळत नाही. हा दाब हिशेबात धरल्यावरच दीर्घिकेतल्या कृष्णद्रव्याचा खरा अंदाज येतो.

सगळ्याच बटू दीर्घिका इतक्या सरळ नाहीत. जीआर 8 मध्ये फिरण्याबरोबरच वायू आत किंवा बाहेर सरकत असल्याच्याही खुणा आहेत. आणि वायू ताऱ्यांपुरताच असतो, हाही गैरसमजच: एनजीसी 3741 मध्ये हायड्रोजनची तबकडी ताऱ्यांच्या प्रकाशाच्या सुमारे आठपट दूरवर पसरली आहे.

सुपरनोव्हांच्या स्फोटांनी अशा चिमुकल्या दीर्घिकांतला सगळा वायू उडून जातो, असंही मानलं जातं. स्फोट पोकळ्या जरूर पाडतात. होल्मबर्ग 2 चा हायड्रोजन अशा पोकळ्यांनी भरलेला आहे. मात्र 1999 मध्ये मॅक लो आणि फेरारा यांनी संगणकीय प्रारूपांतून दाखवलं की अगदी लहान दीर्घिका सोडल्या तर थंड वायू बहुतांशी टिकून राहतो. निसटतो तो ताऱ्यांत नव्याने घडलेल्या मूलद्रव्यांनी भरलेला तप्त वायू. लिओ पी या दीर्घिकेत हायड्रोजन अजून आहे, तारेही जन्मताहेत. पण तिच्या ताऱ्यांनी घडवलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे 95 टक्के तिच्या हातून गेला आहे.